नखांवरचं जेल आणि थोडी केमिस्ट्री



विषय वाचून निम्म्या पुरुष सभासदांचं बोट डिलीटच्या बटणाकडे गेलं असेल. जरा थांबा! यात पॉलिमर केमिस्ट्री आहे, थोडं ऑप्टिक्स आहे, आणि तुमच्याही घरातल्या कुणाला तरी कधीतरी ऑपरेशनसाठी ॲडमिट व्हावं लागेल. तेव्हा दहा मिनिटं द्या.

गेल्या दोन महिन्यांत तिघी मैत्रिणींनी मला एकच प्रश्न विचारला: "अगं, ते जेलचं नेलपॉलिश घरी कसं काढायचं? नखं खराब न होता?" प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकावं म्हटलं. मी ब्युटिशियन नाही. सांगलीच्या वालचंदमधून इलेक्ट्रॉनिक्स केलं आणि गेली आठ वर्षं दुबईतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. म्हणजे दुसऱ्याने बांधलेली वस्तू कुठे तुटते ते शोधायचा पगार घेते. त्याच सवयीने हे लिहिते आहे.

दुबई-शारजातल्या मंडळींना सांगायला नको, पण इतरांसाठी: इथे दर दोन-चार बिल्डिंगांमागे तळमजल्यावर काचेला आतून पूर्ण झाकलेलं एक लेडीज सलून असतं. आत बहुतेक फिलिपिनो नाहीतर नेपाळी मुली काम करतात. जेल लावून घेणं हा आता इथल्या ऑफिसात जाणाऱ्या बायकांचा नेहमीचा कार्यक्रम झालाय. दोन-तीन आठवडे टिकतं, टवके उडत नाहीत, भांडी घासली तरी चमक जात नाही. २०१० साली सीएनडी या अमेरिकन कंपनीने 'शेलॅक' नावाने असं पॉलिश बाजारात आणलं आणि आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं अनेक जणी कुठल्याही जेलला शेलॅक म्हणू लागल्या. (लाखेशी त्याचा संबंध नावापुरताच!)

लावायची हौस सगळ्यांना, काढायचा विचार कुणालाच नाही. अपवाद माझ्या शेजारच्या डेस्कवरची सुदानी सहकारी. नमाजाआधी वजू करताना पाणी थेट नखाला लागायला हवं, म्हणून ती जेलच्या वाटेलाच जात नाही. सणाला मेंदी लावते. मेंदीचा थर बसत नाही, नुसता रंग चढतो, आणि पाणी अडत नाही.

तर आता केमिस्ट्री. ही समजली की पुढचं सगळं आपोआप समजतं.

साधं नेलपॉलिश म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज, उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळवलेलं. द्रावक उडाला की नखावर पातळ थर राहतो. रिमूव्हरचा बोळा फिरवला की तोच थर परत विरघळतो. साखर पाण्यात विरघळावी तसं. एका मिनिटात खेळ खलास.

जेलचं तसं नाही. बाटलीत असतं तेव्हा त्यात अॅक्रिलेट, मेथाक्रिलेट जातीचे सुटे रेणू असतात आणि सोबत प्रकाशाने जागा होणारा एक घटक. हात दिव्याखाली धरला की साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने तो घटक फुटतो आणि सगळे रेणू एकमेकांना धरून जाळं विणतात. दाताच्या डॉक्टरकडे दात भरल्यावर निळा दिवा धरतात ना, त्याच कुटुंबातली ही केमिस्ट्री. एकदा जाळं विणलं गेलं की ते विरघळत नाही. इडलीसारखं समजा. वाफवलेल्या इडलीचं परत पीठ होत नाही. पण तीच इडली सांबारात ठेवा. ती फुगते, मऊ पडते, चमच्याने सहज सुटते. ॲसिटोन जेलचं नेमकं हेच करतो. विरघळवत नाही, फुगवतो. फुगलेल्या थराची नखावरची पकड सुटते. म्हणून याचं नाव 'सोक-ऑफ', भिजवून काढायचं. आणि इडली सांबारात टाकल्या टाकल्या फुगत नाही, तसंच याला दहा-पंधरा मिनिटं द्यावीच लागतात. त्याला शॉर्टकट नाही.

(हार्ड जेल म्हणून आणखी एक प्रकार असतो. त्याची वीण इतकी घट्ट की ॲसिटोन आत शिरतच नाही. ते घासूनच काढावं लागतं आणि ते घरी करू नये. लावतानाच विचारून ठेवा की आपलं सोक-ऑफ आहे ना.)

आता दुसरी बाजू, ज्यावर हे जेल बसलंय ते नख. नख म्हणजे केराटिनचे एकावर एक चिकटलेले पापुद्रे. सगळे मिळून जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. आणि ते मृत असतं. जिवंत भाग कातडीखाली, नखाच्या मुळाशी. तिथे नख तयार होतं आणि पुढे सरकतं, महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कातडी खरचटली तर आठवड्यात भरून येते. नखाचा पापुद्रा निघाला तर तो भरून येत नाही. तो भाग वाढत वाढत टोकाला येऊन कापला जाईपर्यंत तसाच राहतो. मुळाजवळ निघाला असेल तर सहा महिने, वय झालेलं असेल तर त्याहून जास्त. महागडी क्रीमं आणि बायोटिनच्या गोळ्या निघालेला पापुद्रा परत चिकटवत नाहीत.

नखं 'जेलमुळे खराब होतात' असं सगळे म्हणतात. मला जे समजलं ते असं की त्यातलं बरंचसं नुकसान जेल काढतानाच्या घाईने होतं. हे मी कुठे शिकले, ते आता सांगते.

गेल्या डिसेंबरात पुण्याला माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. मेंदीच्या आदल्या दिवशी सगळ्या मुली पार्लरला निघाल्या आणि "आत्या, तू पण चल गं" करत माझ्या आईलाही ओढून घेऊन गेल्या. आई ६४ वर्षांची. आयुष्यात पहिल्यांदा दहाही बोटांना डाळिंबी रंगाचं जेल लावून आली आणि लग्नभर सगळ्यांना हात दाखवत फिरली. जानेवारीच्या सुरुवातीला ती माझ्याकडे शारजाला आली, तेव्हाही रंग तसाच चकचकीत. फक्त मुळाशी नखाची फिकट पट्टी दिसायला लागली होती.

तिसऱ्या आठवड्यात रात्री तिच्या पोटात उजवीकडे दुखायला लागलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले आणि पित्ताशयाला सूज. डॉक्टर म्हणाले, विमानाने परत नेऊन तिकडे करू म्हणत थांबू नका. दुर्बिणीचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं. (व्हिजिट व्हिसावरच्या पाहुण्यांचा इन्शुरन्स आणि त्यातली बारीक अक्षरं हे स्वतंत्र रामायण आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.) हॉस्पिटलने सूचनांचा कागद दिला. रात्री बारानंतर काही खायचं नाही, दागिने घरी ठेवायचे, दातांची कवळी असल्यास सांगायची, आणि चौथ्या ओळीत: नेलपॉलिश काढून यावे.

मी घरातला रिमूव्हर आणि कापूस दिला आणि ऑफिसच्या कॉलला बसले. अर्ध्या तासाने आई म्हणाली, "हे हलतही नाही गं." हलणार कसं? तो नॉन-ॲसिटोन रिमूव्हर होता. साध्या पॉलिशला चालतो, जेलला त्याचा काही उपयोग नाही. तेव्हाच माझं लक्ष तिच्या उजव्या अंगठ्याकडे गेलं. मुळाशी जेल उचकटलं होतं आणि मटार सोलता सोलता तिने ते नखाने धरून ओढून काढलं होतं. जेलबरोबर नखाचा पापुद्राही आला होता. पांढरा, खरखरीत, पावलीएवढा डाग. गरम कपाला बोट लागलं की तिथे चुरचुरतं म्हणाली.

मंगळवारी संध्याकाळी मी तिला जवळच्या एका सलूनमध्ये घेऊन गेले. तिथल्या मुलीने दोन मिनिटं कापूस ठेवला, लगेच उचलला आणि धातूच्या चपट्या पट्टीने खरवडायला घेतलं. पहिल्याच बोटाला आईने हात मागे घेतला. मग त्या मुलीने ड्रिलसारखं फिरणारं मशीन काढलं. मी तिला थांबवलं, पैसे दिले आणि आम्ही निघालो. त्या मुलीचा मला राग आला नाही. बाहेर चारजणी ताटकळत होत्या आणि जेल काढायला जाणारी पंधरा मिनिटं तिच्या मालकिणीच्या हिशोबात बहुधा वायाच. पण ६४ वर्षांची नखं मुळातच पातळ, उभ्या रेघा आलेली, त्यांना हा हिशोब परवडणारा नव्हता.

घरी येऊन हॉस्पिटलला फोन केला. नर्स मल्याळी होती, समजूतदार होती. म्हणाली, सगळी निघाली तर उत्तम, पण निदान दोन्ही हातांची दोन-दोन बोटं स्वच्छ हवीतच. म्हणजे टेस्टिंगच्या भाषेत, आधी क्रिटिकल, मग बाकीची. मग मी वाचायला बसले, नवऱ्याला फार्मसीतून शुद्ध ॲसिटोनची बाटली आणायला पाठवलं, आणि जेवणं झाल्यावर आम्ही कामाला लागलो.

पद्धत लिहून देते. तिघी मैत्रिणींनी हवं तर एवढंच कापून ठेवावं.

१. जागा. ॲसिटोन प्रचंड ज्वलनशील आहे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते आणि लांबवरच्या ज्योतीपर्यंत पसरत जाऊ शकते. आपल्या घरांत इथे एसीमुळे खिडक्या बंद आणि कोपऱ्यात देवघर! तेव्हा निरांजन, समई, उदबत्ती, गॅस, सगळं विझलेलं हवं. आई दिवेलागणीला लावलेला दिवा विझवू देईना, म्हणून तो शांत होईपर्यंत थांबलो. मग खिडकी उघडली. जानेवारी होता म्हणून बरं.

२. टेबल. ॲसिटोन प्लास्टिक, वॉर्निश आणि काही चष्म्यांच्या फ्रेम खातो. खाली जुना टॉवेल घाला, लॅपटॉप आणि फोन लांब ठेवा. काचेच्या बांगड्यांना काही होत नाही, पण प्लास्टिकच्या आणि खोट्या मोत्यांच्या काढून ठेवा.

३. वरची चमक घासा. नखं घासायच्या १८० ग्रिटच्या पट्टीने वरचा चकचकीत थर फक्त मॅट होईपर्यंत घासायचा, म्हणजे ॲसिटोनला आत शिरायला वाट मिळते. रंग पातळ दिसायला लागला की थांबायचं. नख दिसेपर्यंत घासलं तर सगळं मुसळ केरात.

४. कातडीला कवच. नखाच्या भोवती आणि बोटाच्या टोकाला व्हॅसलीन लावा. आम्ही खोबरेल लावलं. नखावर मात्र लागू देऊ नका.

५. कापूस आणि फॉइल. नखाएवढाच कापसाचा तुकडा, ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवायचा, वरून पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलची टोपी घट्ट बसवायची. वाटीत बोटं बुडवण्यापेक्षा हे बरं, कारण ॲसिटोन कमी लागतो, उडत नाही, आणि सगळं बोट कोरडं पडत नाही. आईने यासाठी तिच्या पिशवीतला वाती वळायचा कापूस काढला. सलूनमधल्या पॅडपेक्षा तो नखावर छान बसला.

६. पंधरा मिनिटं. ऊब मिळाली की काम लवकर होतं, म्हणून गुंडाळलेल्या बोटांवर गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन ठेवता येतो. ॲसिटोन कधीही गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. ५६ अंशाला तो उकळतो.

७. एकेक बोट उघडा. दहाही एकदम उघडली तर बाकीची वाळून परत घट्ट होतात. जेल सुरकुतलेलं, उचललेलं दिसेल. लाकडी काडीने मुळाकडून टोकाकडे हलकेच ढकला. सायीसारखं सरकलं तर ठीक. जोर लावावासा वाटला तर ती काडी खाली ठेवायची वेळ. परत कापूस, परत फॉइल, आणखी पाच मिनिटं. लाकडीच काडी का, तर ती नखाआधी झिजते. धातूची पट्टी झिजत नाही, नख झिजतं.

८. शेवटी. साबणाने हात धुवा, नखं आणि भोवतालची कातडी तेलाने चोळा. ॲसिटोनने तेल आणि ओलावा दोन्ही जातात, म्हणून नखं लगेच पांढुरकी, कोरडी दिसतात. ते बऱ्याचदा नुसतं कोरडेपण असतं. पुढचे काही दिवस रोज तेल. ऑपरेशनला जायचं असेल तर सकाळी हात पुन्हा स्वच्छ धुवून.

एवढं सगळं वाचायला मोठं वाटतं, करायला तासभर. त्यातला बराच वेळ नुसतं बसून राहायचं असतं. त्या बसून राहण्याबद्दल थोडं लिहायचं आहे.

आम्ही आधी डावा हात घेतला. पाचही बोटांना चंदेरी टोप्या. आईने हात समोर धरून पाहिला आणि म्हणाली, "रोबोट झाले की गं मी." मग उजव्या हाताचीही चार बोटं बांधली, अंगठा तेवढा शेवटी, कारण तिथलं नख आधीच उघडं पडलं होतं. आता तिला काहीच करता येईना. आई रिकाम्या हातांनी बसलेली मी फारशी पाहिलेली नाही. टीव्ही बघतानासुद्धा तिच्यासमोर मेथीची जुडी नाहीतर वाती असतात. त्या दिवशी हात बांधलेले, म्हणूनच बहुधा ती बोलायला लागली.

"मला कापाकापीची भीती नाही वाटत," ती म्हणाली. "झोपवतात ना, त्याची वाटते. आपल्याला काही कळत नाही. मधेच श्वास थांबला तर कुणाला कळायचं?"

"मशीनला कळतं."

"कुठल्या?"

"ह्याच बोटाला लावतील ते. त्याच्यासाठीच तर हे काढतोय."

ती विचार करत राहिली. मग म्हणाली, "ते चिमट्यासारखं? तुझ्या बाबांना कोरोनात लावायचो ते?"

तेच. एप्रिल २०२१ मध्ये बाबा सांगलीत घरीच आजारी होते आणि मी इथे. त्याच महिन्याच्या २४ तारखेच्या रात्रीपासून यूएईने भारतातून येणारी प्रवासी विमानं थांबवली. गेले असते तर परत कधी येता येईल याचा पत्ता नव्हता. आई दिवसातून चार वेळा बाबांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायची आणि व्हॉट्सॲपवर मला फक्त एक आकडा पाठवायची. ९४. ९५. ९३. ९५. मी ते आकडे एक्सेलमध्ये भरून ग्राफ काढत बसायचे, जणू ग्राफ काढल्याने काही होणार होतं. तुमच्यापैकी अनेकांनी तेव्हा हेच केलं असेल.

"तेच गं," मी म्हटलं. मग तिला समजावून सांगितलं, आणि इथेही सांगते. चिमट्याच्या एका बाजूला दोन छोटे दिवे असतात. एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटरचा. दुसरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, ९४० च्या आसपासचा. समोरच्या बाजूला सेन्सर. ऑक्सिजन भरलेलं रक्त लाल प्रकाश कमी शोषतं, ऑक्सिजन दिलेलं रक्त जास्त. दोन्ही प्रकाशांचं गुणोत्तर काढलं की आकडा मिळतो. पण बोटात हाड आहे, कातडी आहे, नख आहे, ती सगळी प्रकाश अडवतातच. त्यातून रक्तातलं नेमकं कसं वेगळं काढायचं? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ताकुओ आओयागी या जपानी इंजिनियरच्या लक्षात आलं की नाडीच्या ठोक्याबरोबर बदलतो तेवढाच भाग मोजायचा. न बदलणारं सगळं सोडून द्यायचं. तो विद्युत अभियंता होता, डॉक्टर नव्हे. २०२० च्या एप्रिलमध्ये, साऱ्या जगाने त्याचं यंत्र बोटाला लावलेलं असताना, तो वारला.

मग नख स्थिर असताना पॉलिशचा त्रास का? हा प्रश्न माझ्या नवऱ्याने विचारला, आणि रास्त आहे. थर फार गडद असेल तर सेन्सरपर्यंत प्रकाशच कमी पोचतो, आणि काही रंग दोन प्रकाशांपैकी एकाला जास्त अडवतात. अभ्यासांत असं दिसतं की बऱ्याच रंगांनी फारसा फरक पडत नाही, काळा-निळा-हिरवा अशांनी काही वेळा आकडा थोडा खाली येतो, आणि नव्या मशीनमध्ये तोही कमी. अडलंच तर चिमटा बोटाला आडवा लावतात किंवा कानाच्या पाळीला. पण भूल देणाऱ्या डॉक्टरला नखाचा खरा रंग स्वतःच्या डोळ्यांनीही बघायचा असतो. गुलाबी आहे, फिकट पडलाय, की निळसर. त्यासाठी नख उघडंच हवं.

आईने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे सगळा वेळ ते बघत असतं," म्हणाली.

"सगळा वेळ. आणि आकडा खाली गेला की आवाजही बदलतो."

"मग नीट काढ हो," ती म्हणाली. आणि बाबांना फोन लावायला सांगितला. हात बांधलेले म्हणून फोन मीच तिच्या कानाला धरला. ती त्यांना ऑपरेशनबद्दल काही बोलली नाही. दुधाचे पैसे द्यायचे राहिलेत, एवढं सांगितलं आणि चिमट्याचं मशीन सगळा वेळ बघत असतं, तेव्हा काळजी करू नका म्हणाली.

पंधरा मिनिटांनी पहिलं बोट उघडलं. डाळिंबी पापुद्रा अखंड सरकून आला. खाली फिकट गुलाबी, साधं नख. दोन बोटं हट्टी निघाली, त्यांना आणखी पाच-सहा मिनिटं दिली. अंगठ्याला फक्त पुढच्या भागावर कापूस ठेवला. साडेदहाला सगळं संपलं तेव्हा आई म्हणाली, "मेंदी बरी. काढायची भानगडच नाही, नखाबरोबर वाढून निघून जाते."

गुरुवारी ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी घरी आली आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात शिरली म्हणून मी भांडले. नऊ नखांवर आज कसली खूण नाही. दहाव्याचा, अंगठ्याचा डाग महिन्याला थोडा थोडा पुढे सरकत गेला. ती सांगलीला परतल्यावरही व्हिडिओ कॉलवर अंगठा कॅमेऱ्याला लावून दाखवायची. ऑगस्टच्या सुरुवातीला शेवटचा तुकडा कापून टाकल्याचं तिने कळवलं. एका सेकंदाची ओढ, सात महिन्यांचा हिशोब.

जाता जाता दोन गोष्टी, कारण नंतर वाचताना त्या सापडल्या आणि त्या काढण्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

एक, ॲलर्जी. न वाळलेलं जेल कातडीला लागत राहिलं तर मेथाक्रिलेटची ॲलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा झाली की बहुधा जन्मभर राहते. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यातली गोम अशी की याच कुटुंबातली रसायनं दात भरायच्या सिमेंटमध्ये आणि गुडघा बदलताना वापरायच्या बोन सिमेंटमध्येही असतात. तेव्हा ऑनलाइन मिळणारे स्वस्त घरगुती किट आणि छोटा दिवा घेऊन प्रयोग करणाऱ्यांनी जेल कातडीला लागू देऊ नये आणि दिव्याखाली पूर्ण वेळ हात धरावा. बोटांना खाज, फोड, सूज आली तर पॉलिश काढून थेट डॉक्टरकडे जावं.

दोन, टीपीओ. प्रकाशाने जागा होणारा जो घटक वर सांगितला, त्यातलाच हा एक. प्रजननावर परिणामाच्या शंकेवरून युरोपियन युनियनने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत तो बंद केला आहे. घाबरून जायचं कारण नाही, पण बाटलीवर घटक वाचायची सवय लावून घ्या. पुढच्या वेळी सलूनमध्ये जाल तेव्हा त्या मुलीला आधीच सांगा: "काढायला वेळ लागला तरी चालेल, मी थांबते." एवढ्या एका वाक्याने ती धातूची पट्टी बऱ्याचदा खणातच राहते, असा माझ्या मैत्रिणींचा अनुभव आहे.

आणि कुणाचे आई-वडील किंवा सासू-सासरे इकडे यायचे असतील, तर औषधांची यादी, रिपोर्ट, चष्म्याचा नंबर यांच्या जोडीला बोटांकडेही एक नजर टाका. ऑपरेशन काय सांगून येत नाही.

यापेक्षा सोपी किंवा सुरक्षित युक्ती कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा, विशेषतः सभासदांमधले डॉक्टर आणि केमिकलवाले. काही चुकलं असेल तर तेही सांगा.

चू. भू. द्या. घ्या. लोभ असावा.

आपली,
एक शारजाकर